काखेतली नळी

"बाबा, जरा सरका. मला आजींचा हात हवाय," मुलगी म्हणाली, तसे मास्तर खुर्चीसकट मागे सरले.

मास्तर म्हणजे शिंपी. अख्खी गल्ली त्यांना याच नावाने हाक मारायची. त्यांच्या दुकानाशेजारचा गाळा रिकामा झाला होता. मुलीच्या दवाखान्यासाठी गाळ्याच्या मालकाने, शेठने, तो आज दुपारपर्यंत अडवून ठेवला होता. तेवढंच सांगायला मास्तर इस्पितळात आले होते. तिची डॉक्टरकी झाली होती, पण डॉक्टरकी आणि संशोधन अशा जोडपदवीतली पीएचडी अजून चार वर्षं मागत होती. बरोबरीच्यांच्या पाट्या केव्हाच लागल्या होत्या. समोरचा सलूनवाला तर रोज विचारायचा, "काय मास्तर, डॉक्टरीणबाईंचा अभ्यास आमच्या हयातीत संपेल ना?"

खाटेवरच्या आजींची बोटं जरा गारवा लागला की जांभळी पडत. त्या कुरकुरल्या, "दोनदा रक्त नेलंस, दोनदा काही सापडलं नाही. आता वाळवतेस की काय मला?"

"शेवटचं, आजी."

रक्ताने भरलेली नळी तिने पिशवीत घातली आणि सरळ स्वतःच्या काखेत धरली.

"हे काय गं?" जिना उतरताना मास्तरांनी विचारलं.

"गार झालं की यातलं नेमकं हवं तेच साकळून तळाशी बसतं. मग तपासणीत दिसतच नाही. आणि आपल्याकडे सगळे नमुने सवयीने बर्फात घालून पाठवतात."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"प्रयोगशाळेतल्यांनी आजींची बोटं पाहिलेली नाहीत, आणि गारव्याने काय होतं ते वॉर्डात कुणाला ठाऊक नाही. मधल्या या जिन्यावर कुणीच नसतं, बाबा."

"म्हणून तू चार वर्षं जिन्यावर काढणार?"

ती हसली, मग पायरीवर थांबली. "कधी कधी वाटतं, तुमचंच खरं. धड ना इकडची, ना तिकडची. एवढं करून हाती काही लागलंच नाही तर?"

मास्तरांना हीच संधी होती. गाळ्याचा विषय अगदी ओठावर आला होता. पण तिचा एक हात अंगाशी घट्ट चिकटलेला होता. ते म्हणाले, "आधी चल, ते रक्त गार होईल."

प्रयोगशाळेत कोमट पाण्याचं यंत्र कुणीतरी बंद करून ठेवलं होतं. ती चडफडली. "तापायला वेळ लागेल. मला दोन्ही हात लागणार. बाबा, तुम्ही धरा. शर्टाच्या आत, काखेत. हलू नका हं!"

ती आत गेली. मास्तर बाहेरच्या बाकावर, ताटकळलेल्या लोकांशेजारी बसले. लहानपणी तिला ताप आला की काखेत थर्मामीटर लावून ते तिला असंच दटावून बसवायचे.

खिशातला फोन वाजला. मोकळ्या हाताने त्यांनी तो कानाला लावला.

"मास्तर, काय ठरलं? दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय."

"त्याला देऊन टाका, शेठ."

"अहो, आणि पोरीचा दवाखाना?"

"पोरगी कामात आहे," मास्तर म्हणाले. मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी जोडलं, "मीसुद्धा."

फोन खिशात टाकून त्यांनी कोपर आणखी आवळून घेतलं आणि बंद दाराकडे बघत ते ताठ बसून राहिले.