छकुली नावाचा फिल्टर

"हा कॉम्प्युटर आता धापा टाकतोय," आई म्हणाली. "बाबांचं ते वेबसाइटवर येणारे मोजायचं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवर बसव. कुत्रंही फिरकत नसेल तर वेबसाइट बंदच करून टाकू."

लेक दचकली. ते सॉफ्टवेअर बाबांना बसवून द्यायचं तर तिच्याकडून राहूनच गेलं होतं.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी वेबसाइट काढली: दोरा का तुटतो, टाका का सुटतो, सगळं फोटोंसकट. ती कोण वाचतं हे कळावं, एवढीच त्यांची हौस. सॉफ्टवेअर फुकटचं, ओपन सोर्स. लेकीचं पोटच असल्या मोजदादीवर चालायचं. "या रविवारी नक्की, बाबा," असं ती फोनवर म्हणत राहिली. मग बाबाच गेले.

"मग बसवलं कुणी?" तिने विचारलं.

"त्यांनीच. एकेक ओळ बोट ठेवून वाचत. दोनदा सगळं कोलमडलं. म्हटलं, लेकीला विचारा की. तर म्हणे, तिच्यामागे व्याप काय कमी आहेत?"

तिने खाली मान घालून कामाला सुरुवात केली. चहा निवायच्या आत सॉफ्टवेअर बसलं. एवढंसं काम होतं. मग बाबांची सगळी मांडणी आणि साठलेले आकडे तिने जशीच्या तशी लॅपटॉपवर आणली.

"येतं का कुणी?"

"येतात की! रोज येतात. 'दोरा अडकतो' हे पान तर सगळ्यांत जास्त वाचतात."

"बघ! आणि मी त्यांना रिकामटेकडे म्हणायचे. राहू दे मग वेबसाइट."

पण लेकीची नजर वरच्या कोपऱ्यात खिळली होती. आलेल्यांतून हवे तेवढेच निवडून दाखवणारा फिल्टर बाबांनी एकच केला होता. नाव दिलं होतं, छकुली; ते तिला याच नावाने हाक मारायचे. सॉफ्टवेअर उघडताच आधी तोच दिसावा, असा लावलेला. तिच्या शहरातून कोण आलं, तेवढंच तो दाखवत होता. तिने अगदी सुरुवातीपासूनचा काळ निवडला. शून्य. आलेखाची रेघ तळाशी आडवी पडलेली.

आई वाकून बघू लागली. लेकीचा हात नकळत पडद्यावर गेला.

"झाकतेस काय? शून्यच असतं तिथे. मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, ती मोबाइलवरून वाचते, मोबाइल यात धरत नाहीत. म्हटलं, मग हे कसलं डोंबलाचं मोजणं!"

शेजारच्याच रकान्यात मोबाइलवरून आलेल्यांचा आकडा होता. निम्म्याहून जास्त. बाबांना तो रोज दिसत असणार. आता तिने आईला नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मोबाइलही धरतात, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग निवलेला चहा तिच्यापुढून उचलून बाजूला ठेवला.

"दोऱ्याचं पान उघड," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."

लेकीने उघडलं. पहिल्याच फोटोत बाबांचा अंगठा सुईखालचा दोरा दाखवत होता. नख अर्धं काळंनिळं झालेलं. हे कधी लागलं, तिला माहीत नव्हतं.