घरजावई आणि फावडं

फावडं असतं तर सुलोने एव्हाना रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली असती, नाहीतर छाती धरून बर्फात आडवा तरी झाला असता. पण फावडंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसतानाच त्याचं हृदय बंद पडता पडता राहिलं, आणि तो इस्पितळातून परतायच्या आत लेम्पीने फावड्याचा दांडा कापून वाफ घ्यायच्या सौना-खोलीतल्या चुलीत घातला. बायको एकदा हट्टाला पेटली की पेटली. मग लेकीने बर्फ उडवणारं यंत्र आणून दिलं. सुलो त्याला घरजावई म्हणायचा. पेट्रोल प्यायचं, गॅरेजमधली चांगली जागा अडवायची आणि कामाच्या वेळी नाक मुरडायचं.

आज घरजावई खरोखरच अडून बसला होता. वादळामुळे लेम्पीची डायलिसिसची सोमवारची पाळी हुकली होती. आज बुधवार. सकाळी तिचा चेहरा सुजलेला होता आणि बूट घालायला वाकली तर धाप थांबेना. रुग्णवाहिका दरीत घसरलेल्या बसपाशी अडकली होती, आणि शेजारचे नवरा-बायको दरसाल जातात तसे फ्लोरिडाला ऊन खायला गेले होते. त्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी पहाटे तळ्याकडे गेली, ती त्यांच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा टणक बांध घालूनच.

अंगणातला भुसभुशीत बर्फ यंत्राने आनंदाने खाल्ला. बांधाला तोंड लावलं आणि आतून खाडकन आवाज आला. वाटेच्या तोंडाशी टाकलेला रविवारचा वर्तमानपत्राचा गठ्ठा. सुलोने तो उचलायचा कंटाळा केला होता, वर बर्फ पडला आणि गठ्ठ्याचं लाकूड झालं. तेच आता पात्यांत अडकलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. रडूही आलं, पण या थंडीत रडणं परवडत नाही.

इंजिन बंद करून तो यंत्रापुढे गुडघ्यावर बसला. कागदाचं टोक दिसत होतं. हात घातला की निघालं असतं.

"हात बाहेर," मागून लेम्पी म्हणाली. ती ठेवणीतला कोट घालून, पर्स काखोटीला मारून पायरीवर उभी होती.

"इंजिन बंद आहे."

"आर्वोचंही बंदच होतं."

आर्वो तिचा भाऊ. अडकलेलं ढेकूळ सुटलं की दबून राहिलेलं पातं एकदा फिरतं, हे त्याला चार बोटं गेल्यावर कळलं. आता तो कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरतो.

"मग काय करू? बर्फाच्या विनवण्या करू?" सुलो ओरडला. "फावडं तू जाळलंस."

"जाळलं. पुन्हा आणलंस तर पुन्हा जाळीन."

"आणि तू अशी घुसमटताना मी नुसता बघत बसू?"

बोलायला लेम्पीला श्वास जमवावा लागत होता.

"सुलो, किडन्या आपल्या गाडीच्या गेल्यात की माझ्या?"

"म्हणजे?"

"गाडी राहू दे इथंच. मला बांधापलीकडे पोचव. तळ्यापाशी रस्ता संपतो. बर्फाची गाडी याच वाटेने परत येणार."

चुलीतली राख काढायचं पत्र्याचं फावडुलं तिने कोटाआडून काढलं. खेळण्याएवढं होतं ते. सुलोने बांधात पाय ठेवण्यापुरते खळगे खणले आणि ती एकेका खळग्यात थांबत चढू लागली. सुलोने खालून खांदा लावला. अंगात साठलेल्या पाण्याने ती किती जड झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, ही आपल्या हातातच जाणार.

पलीकडे ती रस्त्याच्या कडेला बसली. सुलो बांधावर उभा राहून तिचा लाल मफलर हलवत राहिला. पिवळा दिवा दिसला, तरी गाडी थांबेपर्यंत त्याचा विश्वास बसला नाही.

"आजी, हात द्या," म्हणत ड्रायव्हरने तिला वर घेतलं. मग सुलोकडे वळून म्हणाला, "आजोबा, जागा एकच आहे."

"असू दे, तू तिला लवकर ने."

लेम्पीने खिडकी खाली केली. "तुझे हातमोजे दे."

गारठली असेल, म्हणून त्याने ते घाईघाईने काढून दिले. तिने ते पर्समध्ये टाकले आणि पर्स मिटली. तिच्या हातांत तिचे स्वतःचे होतेच.

"आता घरात जा," ती म्हणाली.

गाडी निघाली. तिच्या पात्याने सगळे खळगे पुन्हा बुजवून टाकले. घरजावई तोंड वासून तसाच उभा होता. सुलो त्याच्यापाशी गेला आणि उघडा हात पुढे केला, पण लोखंडाच्या गारव्याने बोटं पोळली. तो घरात येऊन फोनपाशी बसला. दोन्ही हात त्याने काखांत दाबून धरले होते, आणि फोन वाजेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.