पिकअपच्या पोटातला खिळा

मारुतीच्या पारासमोरचं मैदान माणसांनी गच्च भरलं होतं. आसपासच्या तांड्यांवरून, उमरखेडहून, अगदी पुसदहूनही लोक आले होते. मधोमध देवसिंगची पांढरी पिकअप उभी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर फुलचंद महाराज मांडी घालून बसलेले. मांडीवर भगवी शाल, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"चल, माय," महाराज म्हणाले, आणि गाडी हळूच चालू लागली. गर्दीतून जयजयकार उठला. "थांब, माय." गाडी थांबली. बायकांनी पदर पसरले. एका आजोबांनी तर बोनेटवर डोकंच टेकवलं.

महाराज मग प्रवचनाला लागले. या गाडीत एक अतृप्त माउली वास करते, तिला स्टिअरिंग नको, गिअर नको, फक्त भक्ती हवी. माउली पुढून दर्शन देते आणि मागे उभ्या असलेल्याला धरते, म्हणून गाडीच्या मागे कोणी फिरकायचं नाही. हिमालयात तप केल्याचं सांगणाऱ्या माणसाला टेललाइटची एवढी काळजी का, हे कोणी विचारलं नाही. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मीही त्या दिवशी गप्प राहिले, कारण मलाही उत्तर सुचत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी आमच्या गावाच्या बाजूने सांगेन. लोक अडाणी होते म्हणून फसले नाहीत. इथे घरोघरी ट्रॅक्टर चालवणारे आहेत. क्लच दाबल्याशिवाय उभी गाडी गिअरमध्ये पडत नाही आणि हलत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. देवसिंगने नागपूरहून आणलेल्या या जुन्या गाडीला क्लचच नव्हता. तिचे गिअर आपोआप बदलत. देवसिंग ती रोज चालवायचा, पण तिची प्रत्येक वेगळी खोड तोही माउलीचीच समजायचा. यंत्राचं अर्धं ज्ञान ज्यांना होतं, तेच आधी नमस्काराला वाकले.

एकट्या विमलताई वाकल्या नाहीत. विमलताई विधवा, गावात पिठाची गिरणी चालवतात आणि कोणाचं ऐकून घेत नाहीत. त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "माउली चालवते गाडी, त मंग डिझल कायले भरता, महाराज?" लोक हसले. महाराज हसले नाहीत.

पुढच्या अमावस्येला महाराजांनी माउलीला कायमची बांधायचं ठरवलं. आमच्या भागात भूत बांधायला झाडात खिळा ठोकतात, तसा त्यांनी गाडीला ठोकायचा घाट घातला. मंतरलेला, हळद-कुंकू लावलेला, बोटभर लांब खिळा. महाराज स्वतः गाडीखाली सरपटत गेले आणि तिच्या पोटात हातोडीने तो खिळा ठोकून आले. देवसिंग बिचारा हात जोडून उभा. स्वतःच्या गाडीला खिळा ठोकला जाताना बघून जो हातोडी धरायला धावला नाही, त्याची श्रद्धा मोठीच म्हणायची.

दोन-चार दिवसांत गाडीखाली लाल थेंब पडू लागले. लालभडक, चिकट. कोणी बोटाने घेऊन कपाळाला लावले, कोणी घाबरून पळाले. मग एका सकाळी देवसिंग भाजीपाला घेऊन बाजाराला निघाला, तर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

महाराजांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी रात्रभर ध्यान लावलं म्हणे, आणि सकाळी निकाल दिला. माउली रक्त ओकते आहे, कारण गावात तिच्यावर कोणीतरी करणी केली आहे. करणी करणारी एकटी राहते, तिच्या घरी दगड फिरतात. दगड फिरतात म्हणजे जातं, म्हणजे गिरणी. येत्या रविवारच्या आत ती गावाबाहेर गेली नाही, तर गावात माणसं रक्त ओकतील.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर एकही डबा आला नाही. नळावर बायका विमलताईंना बघून घागरी बाजूला घेऊ लागल्या. कोणीतरी दाराला काळी बाहुली टांगली. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून तीच बाहुली उसवत होत्या, आतला कापूस चांगला आहे म्हणाल्या. मी म्हटलं, आधी पोलिसांत जाऊ.

"जाऊ ना, जरूर जाऊ," त्या म्हणाल्या. "पण पोलीस त्याले नेतीन. माह्यावरचा डाग कोण नेईन? लोकं म्हणतीन, करणीवाली होती, म्हणून बाबाले गोत्यात आणलं. मले जे पायजे ते गावासमोर पायजे, मॅडम."

मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःच्या गप्प बसण्याचा राग आला. त्या रात्री मी भावाला फोन लावला. त्याच्याकडे बिनक्लचची कार आहे, पुण्यात मी तिच्यात बसले आहे. ब्रेकवरून पाय काढला की अशी गाडी आपोआप सरकते, हे तो बोलता बोलता म्हणाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल थेंबांचं सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, मेकॅनिकला विचार.

पुसदला तनवीरभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गिअरबॉक्सचं नवं तेल, फिल्टर आणि गॅस्केट घेऊन ते रविवारी सकाळी हजर झाले. देवसिंगला तयार करायला फार लागलं नाही; दारात मेलेली गाडी कोणाला हवी असते?

मैदानात पुन्हा गर्दी. विमलताईंना वेशीबाहेर काढायला जमलेली माणसं आता ढकलत आणलेल्या गाडीभोवती उभी. महाराज गरजले, माउलीचं पोट जो उघडेल तो जागेवर रक्त ओकून मरेल. गर्दी दोन पावलं मागे सरली. तनवीरभाईंनी पाना हातात घेतला, तेवढ्यात विमलताई पुढे आल्या.

"तुमी मेले त म्हणतीन, मुसलमान होता म्हणून कोप झाला. पाना माह्याकडे द्या. कोणता बोल्ट खोलू ते सांगा फक्त."

त्यांनी पदर खोचला आणि त्या गाडीखाली आडव्या झाल्या. तनवीरभाई शेजारी बसून सांगत होते: एका कोपऱ्याचे बोल्ट आधी, सगळे एकदम नको. घमेल्यात लाल धार पडू लागली. एक बाई रडायला लागली. विमलताई गाडीखालून म्हणाल्या, "मी अजून जित्तीच हाव. रडू नको."

तळाचं पसरट पत्र्याचं भांडं बाहेर आलं. त्यात खिळा उभाच्या उभा, अजून कुंकू लागलेला. वरच्या फिल्टरलाही त्याच्याच टोकाचं भोक. तनवीरभाईंनी ते भांडं गर्दीतून फिरवलं, प्रत्येकाला बोट घालून बघायला लावलं. या भांड्यात गिअरबॉक्सचं तेल साठतं, खिळ्याच्या फटीतून ते गळालं, फिल्टर तेलाऐवजी हवा ओढू लागला, म्हणून गाडी थांबली. करणी झाली होती, ती हातोडीने झाली होती.

"पण तेल लाल कसं?" देवसिंगने विचारलं. "गिअर ऑइल त मधासारखं असते."

तनवीरभाईंनी बंद डबा त्याच्याच हातात दिला. "तुमीच फोडा, भाऊ."

देवसिंगने सील तोडलं आणि डबा स्वच्छ घमेल्यात वाकवला. तीच लालभडक धार. असल्या गिअरबॉक्सच्या तेलात मुद्दाम लाल रंग घालतात, गळलं तर कुठलं तेल ते लगेच ओळखू यावं म्हणून.

"दुकानातल्या डब्यात कोणाचं रक्त होतं, महाराज?" विमलताईंनी विचारलं.

महाराज म्हणाले, कलियुगात माउली डब्यातही वास करते. या वेळी कोणी हात जोडले नाहीत.

गावातल्या वेल्डिंगवाल्याने भोक झाळून दिलं. नवा फिल्टर बसला, भांडं बसलं, तेल भरून झालं. मी विमलताईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर महाराजांसारखी शाल पसरली. तनवीरभाई शेजारी हँडब्रेक धरून बसले. मग मी सगळ्यांना गाडीच्या मागे बोलावलं. आधी कोणी येईना. देवसिंग आला, मग चार पोरी आल्या, मग सगळेच.

"चल, माय," विमलताई म्हणाल्या. मागचे लाल दिवे विझले आणि गाडी सरकली. "थांब, माय." दिवे लागले आणि गाडी थांबली. त्यांनी मांडीवरची शाल बाजूला केली. खाली डावा पाय मुडपलेला आणि उजवा ब्रेकवर. इंजिन चालू असलं की अशी गाडी पुढे ओढ घेते, ब्रेक तिला अडवतो. महाराजांची सगळी सिद्धी त्या एका पायात होती. पूर्वी ते नागपूरला एका कंत्राटदाराकडे असल्याच गाडीवर ड्रायव्हर होते, हे नंतर त्यांनीच ठाण्यात कबूल केलं.

आणि मग जे झालं त्याची मला आजही चीड येते. बोनेटवर डोकं टेकवणारे तेच आजोबा पुढे आले आणि त्यांनी विमलताईंच्या पायाशी नारळ ठेवला. माउली ताईच्या अंगात आली, ते म्हणाले. मागून दोघी-तिघींनी हात जोडले. महाराजांनी संधी साधली आणि डोळे मिटून म्हणाले, देवी प्रसन्न झाली, ताईवर आता कोणी राग धरू नये. म्हणजे सगळं मिटलं, सगळे मोकळे.

विमलताई गाडीतून उतरल्या. हात अजून तेलाने माखलेले होते.

"सकाळी मी करणीवाली होती, दुपारी देवी झाली," त्या म्हणाल्या. "दोन्ही तुमीच ठरवलं, मले कोणी इचारलं नाई. मी बाई हाव. पाना धरला, बोल्ट खोलला, एवढंच केलं. ज्याले हात जोडाचे त्यानं घरी जा. ज्यायनं माह्या दाराले बाहुली बांधली त्यायनं नाव सांगा. अन् मॅडम, चला आता ठाण्यात."

देवसिंगने मिनतवारी केली, गावाची बदनामी होईल म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. बाईला करणीवाली ठरवून गावाबाहेर काढायला सांगणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, आणि तक्रार त्यांनी स्वतःच्या सहीने दिली.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. जिथे उभं राहायला मनाई आहे, नेमकं तिथेच. आणि कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर उत्तर सुचेपर्यंत माझ्यासारखं गप्प बसू नका. उत्तर माहीत नसलं तरी "नाही" म्हणता येतं.