तिसऱ्या लेखातून खोडलेलं वाक्य

"तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्या तोंडावर फेकलं ना, तर मी त्या माणसाचं काय करीन ते मलाच माहीत नाही. सदतीस वर्षं मी नौपाड्यातल्या शाळेत मराठी शिकवलं. आमच्या सात पिढ्या ठाण्यात गेल्या, आजोबांचं भाताचं शेत माजिवड्याला होतं, आणि लोकांना वाटतं की ही अपोलीनबाई परवाच्या विमानाने पोर्तुगालहून उतरली.

त्यात सुशांतने मला गाठलं. माझा जुना विद्यार्थी, आता इथलंच एक साप्ताहिक चालवतो. "बाई, कॅथलिक लोकांबद्दल वाचकांना फार कुतूहल आहे. दर आठवड्याला साध्या भाषेत समजावून सांगा ना." माझा नवरा जोकीम जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, घर खायला उठत होतं. मी हो म्हटलं आणि फसले.

कुतूहल कसलं, डोंबल! आठ महिने झाले, प्रश्न तेच. फादर लग्न का करत नाहीत? पापं सांगितली की माफ, मग तुमची मजाच की! मरीयामातेची तुम्ही पूजा करता ना? मी लिहायचे, पूजा नाही हो, तिने आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकावा म्हणून विनवणी. पुढच्या आठवड्यात कळव्याचे एक गुणाजी नावाचे गृहस्थ हटकून पत्र पाठवायचे, "म्हणजे पूजाच ना?" पालथ्या घड्यावर पाणी!

एकच बाई माझा प्रत्येक लेख कापून ठेवायची. समोरच्या दारातली सुमती. एकतीस वर्षांचा शेजार आमचा. तिच्या गणपतीचे मोदक वळायला मी, माझ्या नाताळच्या नेवऱ्या तळायला ती. तिचे यजमान गुरुदत्तभावजी आणि जोकीम रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडून भांडायचे. दोन महिन्यांपूर्वी भावजींना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते पडूनच आहेत. अलीकडे आठवडाभर तर पेजेचा चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे. सुमती नुसती वाटी घेऊन बसून राहायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जोकीमला वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होती. सुमतीही येणार होती. आदल्या दिवशी तिने विचारलं, "अगं, तुमच्या त्या प्रसादाच्या रांगेत मी उभी राहिले तर चालेल का?" मी तेव्हा मिस्सेनंतरच्या चहावाल्याशी फोनवर हुज्जत घालत होते. दीडशे पॅटिस सांगितले तर हा बाबा शंभरावरच अडलेला.

"प्रसाद नाही गं बाई तो! तिसऱ्या लेखात सगळं लिहिलंय, वाच की जरा!" मी खेकसले. ती तशीच घरात गेली.

मिस्सेला मी पहिल्या बाकावर होते. माझ्यामागे रांगेत कोण आलं, कोण नाही, मी पाहिलं नाही. डोळ्यांना पाणी होतं, कोण बघतंय? नंतर चहाला सुमती कुठे दिसेना. म्हटलं, भावजींसाठी लवकर गेली असेल.

बिल्डिंगच्या गेटपाशी तिची सून कादंबरी भेटली. "मावशी, आई केव्हाच आल्या. बाबांसाठी चर्चमधून प्रसाद आणलाय, पदराच्या गाठीत बांधून. आता बाबांचं अंग पुसतायत, मग भरवणार म्हणाल्या."

मी तिथूनच लिफ्टकडे धावले.

तुम्हीही म्हणणार, एवढं काय त्यात! म्हणून सांगते. वेदीवर फादर त्या पातळ, गोल, पांढऱ्या भाकरीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारतात. आम्ही तिला ओस्ती म्हणतो. त्यानंतर आमच्या लेखी ती भाकर उरत नाही. तो ख्रिस्त असतो. खूण नव्हे, आठवण नव्हे, तो स्वतः. ती तळहातावर घ्यायची आणि तिथल्या तिथे तोंडात घालायची, तीही बाप्तिस्मा झालेल्या, मनाची तयारी करून आलेल्या कॅथलिक माणसाने. पदराला बांधून तीन मजले चढवायची वस्तू नव्हे ती! आणि आता ती भावजींच्या तोंडात जाणार होती.

लिफ्ट बंद. असणारच. मी गुडघ्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालत तीन मजले चढले.

"सुमे!" दार उघडंच होतं, मी तरातरा आत शिरले. "कुठाय ती? दिलीस का त्यांना?"

सुमती देवघरासमोर उभी होती. पुन्हा आंघोळ केलेली, केस ओले. समई लावलेली. तिच्या गणपतीशेजारी, कोऱ्या रुमालाच्या घडीवर, लग्नातला चांदीचा करंडा घासूनपुसून ठेवलेला. झाकण उघडं होतं. आत ओस्ती होती, अख्खी.

"अजून नाही," ती म्हणाली. "आता देणारच होते. का गं, काय झालं?"

"अक्कल गहाण ठेवलीस का? देवाची चेष्टा वाटली तुला? कुणी सांगितलं हे घरी आणायला?"

"तू," सुमती म्हणाली.

तिने पोथीत ठेवलेलं कात्रण काढलं आणि चष्मा सावरून वाचायला लागली. "'ख्रिस्त त्या भाकरीत स्वतः असतो. म्हणून जे आजारी चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी ती घरी नेली जाते.' हे येऊ शकत नाहीत ना गं. मग कुणीतरी आणायला नको?"

मी कात्रण हिसकावून घेतलं. पुढचं वाक्य शोधलं. नव्हतं.

मी लिहिलं होतं ते. 'ती फादर किंवा त्यांनी नेमलेली माणसंच नेतात, आणि ती फक्त कॅथलिकांनीच घ्यायची असते.' सुशांतने नाही गाळलं. मीच खोडलं होतं, छापायला देण्याच्या आदल्या रात्री. ज्यांच्या घरचे मोदक एकतीस वर्षं खाल्ले, त्यांना 'तुम्ही नको' असं छापून सांगायला माझा जीव धजला नाही. चांगुलपणा मिरवायला गेले आणि हे होऊन बसलं. इतका संताप आला स्वतःचा, की भिंतीवर डोकं आपटावं.

"यांना नाही देता येणार?" सुमतीने विचारलं. माझा चेहरा वाचला असणार तिने.

"नाही."

"एवढासा तुकडासुद्धा?"

"नाही गं, सुमे."

तिने करंड्याखालच्या रुमालाची घडी सारखी केली. मग म्हणाली, "जोकीमभावजी तिथे आहेत ना, त्याच्याकडे? मला वाटलं, त्यांचा देव स्वतः घरी आला, तर हे निदान त्याचं ऐकतील. दोन घास खातील. माझं तर ऐकत नाहीत."

चर्चमधले आम्ही निम्मे लोक ती ओस्ती तोंडात टाकून, गाडी कुठे लावली होती ते आठवत बाकावर परततो. आणि या बाईने डोक्यावरून पाणी घेतलं होतं, समई लावली होती. माझ्या आठ महिन्यांच्या लिखाणातलं एक वाक्य हिने खरं मानलं होतं आणि मी तिच्या अंगावर धावून आले होते.

सुमतीने झाकण लावलं, करंडा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केले. ती देईना. खाली बघत होती.

"अगं, चपला," ती हळूच म्हणाली. "त्याच्यासमोर चपला घालून उभी आहेस."

आम्ही चर्चमध्ये चपला काढत नाही. त्याची कारणं आहेत, त्यावर एक अख्खा लेख झाला असता. मी चपला काढल्या.

"फादरना घेऊन येते," करंडा घेत मी म्हटलं. "ओस्ती नाही देता येणार त्यांना. पण भावजींच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील ते. आशीर्वाद कुणालाही देता येतो. तेही लिहायचं राहिलं माझं."

"येतील ते? आमच्याकडे?"

"न येऊन सांगतात कुणाला! मी आणते."

खाली गेटपाशी कादंबरी ओरडली, "मावशी, चपला विसरलात!"

"गप्प बस गं!" मी म्हटलं.

अकरा वाजत आले होते. डांबर असं तापलेलं, की पाऊल टेकवत नव्हतं. मी करंडा दोन्ही हातांत धरून चर्चच्या दिशेने चालत होते आणि ज्या बाईने ते वाक्य खोडलं तिला मनातल्या मनात लाखोली वाहत होते. पण चपला आणायला मागे फिरले नाही.