बद्रीनाथांचं नाक

बद्रीनाथ कारकुनांनी उन्हाळ्यात सिगारेट सोडली आणि तेव्हापासून त्यांच्या नाकानं घरादाराला सळो की पळो केलं. कचेरीतला कागद हातात आला, की तो लिहिणारा ओढणारा आहे की नाही हे ते हुंगून सांगत. न्हाव्याची बोटं, टांग्याची गादी, शेजाऱ्याचं पागोटं, काही म्हणून सुटत नसे. निजामाच्या मुलखात असं नाक दुसरं नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ओढणाऱ्याला पोरगी द्यायची नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

थंडीत सिल्लोडचे काकासाहेब आपल्या मुलाला, सांडूला, घेऊन बद्रीनाथांच्या पोरीला, द्वारकीला, बघायला आले. द्वारकीनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि करीन तर यालाच, असं आईला बजावलं होतं. बद्रीनाथांनी पेटीतली लोकरीची शेरवानी चढवली, ऐटीत बैठकीत येऊन बसले आणि बसल्या बसल्या त्यांचं नाक फुललं.

“सिगारेट ओढता?”

“नाय जी,” सांडू म्हणाला.

“साफ खोटं! वास येतोय ना मला!”

काकासाहेबांनी हातातली सुपारी खाली ठेवली. “पोराला खोटारडं ठरवता? मग ही सोयरीक नाय व्हायची.” बापलेक उठले, दमणीला बैल जुंपून चालू लागले. आत द्वारकीला रडू फुटलं.

“बघ,” बद्रीनाथ बायकोला म्हणाले, “गेले, पण वास मागं ठेवून गेले!”

सारजाबाईंनी नवऱ्याच्या शेरवानीची बाही धरली आणि त्याच्याच नाकाला लावली. “ही फाल्गुनात पेटीत गेली. तवा तुमी दिसभर ओढत व्हता. एवढी वर्षं ह्यो वास उशाशी घिऊन निजले मी. मला कुणी इचारलं?”

बद्रीनाथांना बायकोपुढं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरीचं रडणं ऐकू येत होतं. ते तसेच पळत सुटले आणि शहराच्या वेशीवर, दिल्ली दरवाज्यापाशी, त्यांनी दमणी गाठली.

“काकासाहेब, वास माझाच! घ्या, हुंगून बघा!” बाही पुढं करून ते म्हणाले. “पोरगं खरं बोललं. खोटा मी.”

काकासाहेबांनी बैल थांबवले. बोलला मात्र सांडू.

“मला बैठकीतच कळलं व्हतं जी. मीबी दिवाळीपासून सोडलीया. आता लगेच वास येतो.”

“मग तवाच का नाय बोलला?” काकासाहेबांनी पोराला विचारलं.

सांडूनं मान खाली घातली. “सासऱ्याला कसं सांगावं?”

काकासाहेबांनी हसू दाबत बैल माघारी वळवले.