मांगीलालचा फोन

नवरा अच्युत गेल्यावर वसुधाताईंना कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. त्याच शहरात, अवधपुरीत, दोन खोल्या घेतल्या आणि ग्रामीण रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेण्याची नोकरी धरली. लेक सुचेता पुण्याला. त्यामुळे दिवसभर कानाशी माणसंच माणसं, अन् घरी आल्यावर बोलायला कुणी नाही.

मार्चातल्या एका सकाळी फोन आला. "दीदी, घरवाली को साँप ने काटा है!" मांगीलाल नावाचा माणूस रडत होता.

त्यांनी पत्ता घेऊन गाडी पाठवली. पण वीस मिनिटांनी ड्रायव्हरने कळवलं, गावाअलीकडची ओढ्यावरची पुलिया खचलीय, गाडी पुढे जात नाही. वस्ती तिथून तीन किलोमीटर.

"तिला चालवू नका. खाटेवर घालून पुलियापर्यंत आणा," ताईंनी मांगीलालला फोनवर सांगितलं.

"कौन उठाएगा दीदी? सगळे गव्हाच्या कापणीला गेलेत. मी एकटाच आहे."

आठवड्यापूर्वी याच गावातून नरहर नावाच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला होता, हे त्यांना आठवलं. जुना नंबर काढून असा कुणाला फोन करणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी केला. नरहर शेतात होता. "आत्ता निघतो," एवढंच म्हणाला.

मग त्या मांगीलालशी बोलत राहिल्या. पाय हलू देऊ नका, काही बांधू नका, तिच्याशी बोला. ट्रॉलीची घरघर ऐकू आली, आरडाओरडा झाला, फोन कट. थोड्या वेळाने ड्रायव्हरने कळवलं, पेशंट गाडीत घेतला. लगेच दुसरा कॉल वाजला.

सुपरवायझरने नंबर वापरल्याबद्दल समज दिली. संध्याकाळी ताईंनी फोनवर सुचेताला सगळं सांगितलं. "छान केलंस गं आई," ती म्हणाली, "बीपीची गोळी घेतलीस ना?"

चौथ्या दिवशी सुट्टी होती. ताई संत्री घेऊन सरकारी इस्पितळात गेल्या. नाव विचारत वॉर्डात पोचल्या. बाई उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेला, पण शुद्धीत. शेजारी मळकट गमछा घेतलेला मांगीलाल.

"कशा आहेत?" ताईंनी हिंदीत विचारलं.

ताई त्याला बायकोच्या ओळखीतल्या कुणी वाटल्या असाव्यात. तो भरभरून बोलू लागला. "सब भगवान की मर्जी है बहनजी. नरहर भैया ट्रॅक्टर घेऊन आपणहून आला. मी बोलावलंसुद्धा नव्हतं."

नरहरला मीच फोन केला, हे वसुधाताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास पाहून त्यांनी ते गिळलं. आणि एवढ्या बोलण्यातही त्याने आवाज ओळखला नव्हता, तेही त्यांना लागलं.

त्यांनी संत्री बाईच्या हातात दिली, सोलायला मदत केली. बाईने एक फोड त्यांच्याचपुढे केली. "खाओ ना." त्यांनी ती खाल्ली.

बाहेर स्टॉपवर अवधपुरीची बस आली. ताई बाकावरून उठल्या नाहीत. दुसरीही जाऊ दिली. घरी जायची घाई कसलीच नव्हती.