रुपीची स्पर्धक

रुपीच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बिस्किटांचं कुणी कौतुक केलं, की चंद्रकलाच्या पोटात दुखायचं. आणि हल्ली जव्हारच्या उद्योग केंद्रात जो तो तेच करायचा.

या रुपीला तिथं आणलं होतं कुणी? चंद्रकलानेच! नवा धंदा काढणाऱ्याला केंद्र शेड द्यायचं, पॅकिंग शिकवायचं, ठाण्याच्या दुकानदारांशी गाठ घालून द्यायचं. बदल्यात जुनीने एका नवीचा हात धरायचा, असा नियम. चंद्रकला पडली मास्तरांची बायको; तिने मोठ्या मनाचा आव आणून सूर्यमाळच्या पाड्यावरची रुपी निवडली. ही काय दिवे लावणार, असं वाटलं होतं तिला. वर्षभरात गुरूची विद्या गुरूलाच फळली. चंद्रकलाची बिस्किटं लोक चाखून बघत, रुपीची घेऊन जात.

आता केंद्रात विजेची मोठी भट्टी आली होती. दोघींपैकी एकीलाच ती वर्षभर वापरायला मिळणार होती. घरच्या ओव्हनवर चंद्रकलाला ठाण्याची ऑर्डर पुरी करता येईना. भट्टी रुपीला गेली तर दुकानदारही तिच्याच मागे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

निवडीच्या दिवशी ठाण्याहून आलेल्या मॅडमनी रुपीला विचारलं, "तुमचा स्पर्धक कोण?"

रुपी गोंधळली. शेजारी बसलेल्या चंद्रकलाच्या कानाशी वाकली. "बाय, स्पर्धक म्हंजे काय गं?"

"मदत करणारं माणूस. आपलं माणूस," चंद्रकला म्हणाली. बिनदिक्कत! आता ही काहीबाही बरळेल, सगळे हसतील, आणि भट्टी आपली. तिला लाज वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

रुपी उभी राहिली. "माझी स्पर्धक चंद्रकलाबाय. माना काय बी येत नव्हता. पीठ कसा मळायचा, आच कवा कमी करायची, सगला तिनंच दाखवला. ती नसती तं मी विटभट्टीवरच असती."

कुणीच हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "स्वतःच्या स्पर्धकाला घडवणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. भट्टी चंद्रकलाला मिळाली. टाळ्या वाजल्या, त्यात सगळ्यांत जोरात रुपीच्या.

बाहेर आल्यावर तर ती नाचायचीच बाकी होती. चंद्रकलाला मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतके दिवस रुपीची बिस्किटं सलत होती. आता तिचं ते निर्मळ हसू सलायला लागलं, आणि ते काही कुठल्या केंद्रात शिकवत नव्हते.

"बाय," रुपीने तिचा हात धरला, "मी बी तुझी स्पर्धक हाये ना?"

"आहेस ना," चंद्रकला म्हणाली, आणि रुपीने तिला घट्ट मिठी मारली.